ओट्यावरचं वाय-फाय

शेलूबाजारच्या त्या जीपवाल्याचं प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं की कुणाचं कुलूप फुटलं नव्हतं. तरी एका मुलीची नोकरी आणि दुसरीचं लग्न त्यात अडकलं होतं.

हे आज लिहायला कारण तुम्हीच आहात. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी माझ्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड मागितलात. तुमचा मित्र वाशीमला लग्नासाठी येणार आणि आपल्याकडे उतरणार, त्याच्यासाठी हवा होता. मी म्हटलं, तो आला की बघू. तुम्ही हसलात. "आजी, वाय-फाय आहे, बँकेचा लॉकर नाही!" ते हसणं मला आवडलं, पण पासवर्ड मी दिला नाही. का दिला नाही ते सांगते. नावं कुणाचीच घेणार नाही. त्यातली माणसं अजून त्याच रस्त्यावर राहतात.

त्या वेळी मी ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होते, तेवढ्यात ठाणे अंमलदार एका मुलीला आणि तिच्या वडिलांना आत घेऊन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं उघडून, तिचाच फोटो लावून, होणाऱ्या सासरच्या नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवले होते. वाचणाऱ्याला वाटावं की मुलगी स्वतःच लिहिते आहे. सासरच्यांनी लग्न मोडलं नव्हतं, पण फोन उचलणं बंद केलं होतं.

"म्याडम, पोरगी दोन घास जेवत नाई," वडील म्हणाले. "ज्यानं केलं त्याले आत टाका. मले बाकी काई नाई पायजे."

"कुणावर संशय?"

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी हळूच म्हणाली, "एक मैत्रीण आहे. होती. साखरपुड्याला बोलावलं नाही म्हणून माझ्याशी बोलत नाही."

अज्ञात आरोपीविरुद्ध गुन्हा दाखल केला आणि जिल्ह्याच्या सायबर शाखेला पत्र दिलं. काही दिवसांनी उत्तर आलं. खातं आणि मेसेज एकाच इंटरनेट जोडणीवरून आले होते. जोडणी शेलूबाजारच्या एका जीपवाल्याच्या नावावर होती आणि ती मैत्रीण त्या जीपवाल्याचीच मुलगी होती.

माझ्या ठाण्यातल्या सगळ्यांनी तपास संपला असं धरलं. एक जमादार म्हणाला, "म्याडम, आता कायले थांबाचं? घर भेटलं, भांडन भेटलं, पोरगी भेटली." मीसुद्धा क्षणभर तसंच समजले असते. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट अंगवळणी पडली होती. कागदावर घराचा पत्ता येतो, तेव्हा तो फक्त घराचा पत्ता असतो. त्या घरातला हात कुणाचा, ते कागद सांगत नाही.

मुलीचा जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण तिच्या घरी जायचं. महिला शिपायाला बरोबर घेऊन दुपारी जीपवाल्याच्या घरी गेले. घर रस्त्याला लागूनच होतं. पुढे लांब ओटा, त्यावर कडुनिंबाची सावली, एका कोपऱ्यात पाण्याचा रांजण आणि साखळीने बांधलेला पेला. किन्हीराजा आणि आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडे जाणारे प्रवासी जीप भरेपर्यंत त्याच ओट्यावर बसायचे. जीपही तिथेच उभी होती. काचेवर ठळक अक्षरांत 'आईचा आशीर्वाद', आणि मागच्या दारावर मालकाचा मोबाइल नंबर, लग्नासाठी गाडी ठरवणाऱ्यांना सोयीचा.

मुलगी शांत बसली होती. रडली नाही, ओरडली नाही. माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, माझी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून निवड झाली आहे. चारित्र्य पडताळणीची फाईल तुमच्याच टेबलावर आहे. तुम्ही आज माझं नाव लिहिलंत, तर ती फाईल पुन्हा कधीच उघडणार नाही. एवढंच लक्षात असू द्या."

तिचं म्हणणं खरं होतं. फाईल माझ्याच टेबलावर होती आणि अहवाल द्यायची मुदतही संपत आली होती.

तिचे वडील दारातच उभे होते. "म्याडम, तिनं नाई केलं. तिची चिडचिड झाली न, तं ती तोंडावर भांडते. मांगून नाई."

"काका, हे वाय-फाय घरात कोण कोण वापरतं?"

"आमी चौघं. अन् मंग ओट्यावरचे."

"ओट्यावरचे म्हणजे?"

"जे बसतात ते. गाडी भरेपर्यंत मानूस करन काय? एखाद्यानं इचारलं, काका, पासवर्ड सांगा, तं सांगतो."

"ओळखपाळख नसलेल्यालाही?"

जीपवाल्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला. त्यांनी रांजणाकडे बोट केलं. "तिथं पानी ठेवलं हाय, ते ओळख इचारून देतो का? पान्याले कोनी नाई म्हनते का, म्याडम?"

मला त्यांचा राग आला नाही. या भागात दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, आणि त्यांच्या लेखी वाय-फाय हे त्या रांजणाच्याच रांगेतलं होतं. मी एवढंच म्हणाले, "काका, रांजणातलं पाणी पिऊन कुणी पुढच्या गावात चोरी केली, तर तुमचं नाव येत नाही. याच्यात येतं."

त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि ते ओट्याच्या कडेवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सायबर शाखेचा हवालदार आला. त्याने राऊटर तपासला. जोडणी देणाऱ्या माणसाने वाय-फायला नाव दिलं होतं जीपचंच, 'आईचा आशीर्वाद'. पासवर्ड होता मालकाचा मोबाइल नंबर. घरातल्यांना लक्षात राहावा म्हणून. राऊटरची सेटिंग उघडणारा दुसरा पासवर्ड कारखान्यातून आलेला, तळाच्या लेबलवर छापलेला, तो कुणी कधी बदललाच नव्हता. घरात चार फोन होते आणि त्या क्षणी त्याहून कितीतरी जास्त फोन जोडलेले दिसत होते. आधी कोण कोण जोडलं गेलं होतं, याची नोंद मात्र तो राऊटर ठेवत नव्हता.

हवालदार म्हणाला, "मॅडम, बंदच करून टाकू?"

बंद केलं तर सगळेच निघून जातील, हे मला दिसत होतं. म्हणून आम्ही बंद केलं नाही, बदललं; जोडणी दिसत राहिली की वापरणारे आपणच विचारायला येतात. दोन्ही पासवर्ड नवे केले, आणि नवा पासवर्ड फक्त मुलीला सांगितला. जीपवाल्यांना बजावलं, की विचारायला येईल त्याला म्हणायचं, बिघाड आहे, माणूस येणार आहे. आणि कोण कोण विचारतं ते फक्त लक्षात ठेवायचं.

पुढचे दोन दिवस साध्या वेशात मी त्या ओट्यावर थोडा थोडा वेळ बसून पाहिलं. चहाच्या टपरीवाली बाई सगळ्यात आधी आली.

"भाऊ, तुमचं नेट मेलं का? माही मालिका अर्ध्यात राह्यली."

"तुमाले कोनं देल्लं नेट?"

"तुमच्याच बायकोनं! मले कायले इचारता?"

मग समोरचे आजोबा काठी टेकत आले. त्यांचं कीर्तन थांबलं होतं. मग कॉलेजला जाणाऱ्या मुलींचा घोळका, मग पंक्चर काढणारा, मग गल्लीपलीकडचा दूधवाला. तो तर रागावलाच. "दोन दिवस झाले, रिपेर काहून नाई करत? आमी काय चोर हावो का?" जीपवाल्यांनी कपाळाला हात लावला. आपल्या घराचं वाय-फाय अर्धा बाजार वापरतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

अशा वेळी सगळं लक्ष विचारायला येणाऱ्यांवर असतं. पण ज्याला लपवायचं काही नसतं, तो बिनधास्त विचारतो, भांडतोसुद्धा. मी जीपवाल्यांना वेगळाच प्रश्न विचारला, "काका, रोज बसणाऱ्यांपैकी विचारायला कोण आलं नाही?"

त्यांनी बराच विचार केला. "सारे येऊन गेले म्याडम. एक जन नाई आला. कृषी केंद्रात कामाले हाय तो. इस्त्रीचा शर्ट घालते. रोज संध्याकाळी इथंच बसून फोन पाहे. आता तं तो पुढं फाट्यावर जाऊन गाडीत बसून राह्यला. म्या म्हनलं बी, काहो साहेब, आमचा ओटा कडू झाला का? तं हासला निसता."

न विचारणं हा पुरावा नव्हता, त्याने फक्त दिशा मिळाली. मी तक्रारदार मुलीच्या वडिलांना पुन्हा बोलावलं आणि खोट्या खात्यावरचा फोटो समोर ठेवला. हिरव्या साडीतला, स्टुडिओत काढलेला. हा मैत्रिणींमधला फोटो नव्हता. हा स्थळांना पाठवायचा फोटो होता.

"हा तुम्ही कुणाकुणाला पाठवला होता?"

"बायोडाट्यासंगं. चार-पाच ठिकानी."

"नकार कुणाला दिला?"

त्यांनी फोटो उलटा करून ठेवला. नकार दिलेल्या स्थळाचं नाव काढायचं नाही, दुसऱ्याच्या घरची अब्रू जाते, असा त्यांचा नेम. पहिल्या दिवशी संशयिताचं नाव विचारलं तेव्हा ते याचमुळे बोलले नव्हते. चांगल्या माणसाच्या या भिडेपायी एक निरपराध मुलगी आरोपी होणार होती. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्यांनी नाव सांगितलं. तोच कृषी केंद्रातला.

नोटीस देऊन त्याला ठाण्यात बोलावलं. तो वेळेवर आला, खुर्ची पुसून बसला. बोलणं अगदी पुस्तकी. "मॅडम, माझा याच्याशी काहीएक संबंध नाही. मला त्या कुटुंबाबद्दल आदर आहे." मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की खोटं बोलणाऱ्याला रागवायची सोय होते आणि रागाआड लपायला जागा मिळते. मी त्याला चहा दिला. स्थळाचं विचारलं, नकार कसा कळला ते विचारलं. मध्यस्थाने चार लोकांत सांगितलं होतं, की मुलीला मुलगा पसंत नाही. ते सांगून त्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

पंचांसमोर फोन ताब्यात घेतला. त्याने खोटं खातं पुसून टाकलं होतं, मेसेज पुसले होते. पण फोन एकदा ज्या वाय-फायला जोडला जातो, त्याचं नाव तो लक्षात ठेवतो, आणि हे पुसायचं असतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. हवालदाराने ती सेटिंग उघडली. त्यात 'आईचा आशीर्वाद' होतं. पंचनाम्यात नोंद झाली.

मी विचारलं, "पासवर्ड कुणी दिला?"

तेव्हा पहिल्यांदा त्याची पुस्तकी भाषा सुटली. "देल्ला कोनी नाई, म्याडम. गाडीच्या मांगं लिवला हाये. एकदा काकानं कोनाले तरी सांगतलं, गाडीवरचा नंबर टाक म्हनून. म्या आयकलं."

"आणि काकांच्या मुलीचं नाव यात येईल, हे माहीत होतं?"

त्याने शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाला, "ते तं चांगलंच वाटलं होतं. पोलीस तिच्याच घरी जातीन, माह्या घरी नाई."

पुढे फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला, पुसलेलं बरंच परत मिळालं, दोषारोपपत्र दाखल झालं. लग्न थोडं लांबलं, पण झालं. त्या लग्नाला मैत्रिणीला बोलावणं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. ते पोलिसांचं काम नव्हे. तिच्या नोकरीच्या पडताळणीचा अहवाल मात्र मी दोषारोपपत्राची वाट न पाहता, त्या तरुणाचा जबाब झाला त्याच दिवशी सही करून पाठवला.

या प्रकरणाने मला शिकवलं ते तुम्हाला साधंच वाटेल. पासवर्ड चोराला अडवतो, हे सगळे जाणतात. पण तो पुसटशा ओळखीच्या माणसालाही अडवतो, आणि जास्त काम त्याचं तिथेच असतं. चोराला नाही म्हणणं सोपं आहे. ओट्यावर बसलेल्याला नाही म्हणताना जीभ अडखळते. आपण फोन नंबर, लेकरांची नावं, जन्मतारखा पासवर्ड म्हणून ठेवतो, कारण त्या लक्षात राहतात. पण त्याच गोष्टी लग्नपत्रिकेवर आणि वाढदिवसाच्या फलकांवर गावभर लावलेल्या असतात. माझ्या राऊटरचा पासवर्ड एक लांब, निरर्थक वाक्य आहे, जे मी कधी कुणासमोर बोललेले नाही. बँकेचा वेगळा, ईमेलचा वेगळा. बाकीचे सगळे तुम्ही बसवून दिलेल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत, आणि त्याला मात्र एकच पक्कं कुलूप आहे. आणि हो, पाहुण्यांसाठी मी राऊटरवर वेगळं नेटवर्क उघडलं आहे. तुमचा मित्र आला की तिथला पासवर्ड त्याला मी स्वतः सांगेन, आणि तो गेला की बदलेन.

निवृत्तीनंतर एकदा मालेगावला जाताना मी त्याच ओट्यावर बसले होते. रांजण होता, पेला साखळीला होता. जीपवरचा नंबरही होता, गाडी ठरवणाऱ्यांची सोय म्हणून. जीपवाल्या काकांनी मला ओळखलं, पाणी दिलं, मुलीची ड्यूटी कुठे आहे ते अभिमानाने सांगितलं. मी सवयीने फोन काढला. पडद्यावर 'आईचा आशीर्वाद' दिसत होतं, शेजारी कुलपाची खूण.

काकांनी ते पाहिलं आणि ते कान धरून हसले.

"म्याडम, पानी अजून एक पेला देतो. नेटचा पासवर्ड इचारू नका. तुमाले बी नाई सांगनार."

मी पाणी प्याले, फोन पर्समध्ये ठेवला आणि जीप भरायची वाट पाहत बसले.