पर्शिडंटाची ओटी

कल्याणच्या म्युनिसिपालटीचे प्रेसिडेंट होऊन गेलेले एक रावसाहेब वारले, त्याला १८८९ साली दोन वर्षं झाली होती. त्यांच्या घराला मात्र गाव अजून ‘पर्शिडंटाचं घर’च म्हणत असे. दर रविवारी दुपारी त्या घराच्या ओटीवर तीन माणसं जमत आणि त्या घराविषयीच भांडत. गुरुदत्त मास्तर मराठी शाळेत शिकवत, मधु रेल्वेच्या तारऑफिसात होता आणि बाळ एका वकिलाकडे कारकून होता. तिघांनाही इतिहासाचं वेड. आधी किल्ल्यांवर बोलणं होई, मग तोफांवर. शेवटी गाडी बसल्या जागेवरच येऊन थांबे.

“झोपाळ्याच्या कड्या किती?” बाळ विचारी.

“अठ्ठावीस.”

“चूक, मधु. एकतीस. तीन वर कापडात गुंडाळल्यात, त्या तू मोजत नाहीस.”

“बरं, मग हे सांगा. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे कोण ठेवायचं?”

“बाईसाहेब,” मास्तर म्हणाले. “सभेला उशीर नको म्हणून. रावसाहेबांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.”

दाराआडून रावसाहेबांच्या पत्नीचा, बाईसाहेबांचाच आवाज आला, “लागला होता हो. मग ते हिशेबाने वीस मिनिटं उशीर करायला लागले.”

तिघे हसले. पायरीवर बसलेला काळुराम सुतारही हसला.

काळुराम साठीला आला होता. त्याचा जन्म जवळच्या मोहने गावचा. अक्षरओळख नाही. तरुणपणी तो खाडीवर होड्या बांधणाऱ्यांच्या हाताखाली शिकला आणि तिथून घरांकडे वळला. ही ओटी त्यानेच पंचवीस वर्षांपूर्वी बांधली होती. सहा खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर वासे आणि सगळ्यात मिळून एकही खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली. त्यानंतर त्याने पुष्कळ घरं बांधली, पण ‘तुझं काम कुठलं?’ असं कुणी विचारलं की तो याच गल्लीकडे बोट दाखवी. दर दोन-चार रविवारी झोपाळ्याला तेल घालायच्या निमित्ताने तो इथे येई. झोपाळ्याला तेलाची गरज असे असं नाही.

त्या रविवारी मात्र गप्पांना वेगळं वळण लागलं. बंदरावर जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं होतं आणि पर्शिडंटाच्या घराची ओटी पुरती रस्त्यात जाणार होती. बुधवारी ठाण्याहून इंजिनीयर मोजणीला यायचा होता.

मास्तरांनी खिशातून कागद काढला. “काळजी करू नका. मी अर्ज लिहिलाय. ही ओटी पाडता येणार नाही, कारण तिचं लाकूड फिरंग्यांच्या काळातलं आहे. वसईहून आलेलं.”

“कशावरून?” मधुने विचारलं.

मास्तर उठले आणि खांबाच्या माथ्याशी कोरलेली खूण दाखवू लागले. एक फुली, तिच्यापुढे खाली टोकाशी जुळलेल्या दोन तिरक्या रेघा, शेवटी एक उभी रेघ. “हे रोमन आकडे. फुली म्हणजे दहा, हे पाच, हा एक. सोळा! शेजारच्या खांबावर पंधरा. म्हणजे पंधरावं शतक सरून सोळावं सुरू होतं, हे उघड आहे.”

बाळने टाळी वाजवली. “मास्तर, तुम्ही तर कमाल केलीत!”

काळुराम चाचरत म्हणाला, “मास्तर, तो कावळ्याचा पाय हाय.”

“काय?”

“फुली म्हंजे डावं अंग. मग कावळ्याचा पाय, त्याचे पाच. मग एक. डाव्या अंगाची सहावी जोड. खाली जमिनीवर सगळं जुळवून बघायचं, खुणा करायच्या, मग उकलून वर चढवायचं. खूण नसली तर कंची जीभ कंच्या खाचेत, कळणार कसं? आकडे येत नाहीत ना आमाला. ही खूण माझी हाय. लाकूड मुरबाडचं, बैलगाडीनं आलेलं.”

मास्तरांचा चेहरा उतरला, पण हातातला कागद त्यांनी खिशात घातला नाही.

“काळुराम,” शेवटी ते हळू म्हणाले, “हे तू मला सांगितलंस, ठीक. बुधवारी साहेबाला सांगू नकोस. जुना सुतार म्हणून तो तुलाच विचारील. लाकूड जुनं आहे, मी लावलं तेव्हाही जुनंच होतं, एवढंच म्हण. ओटी वाचेल.”

काळुरामने घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. रखमाबाई तांदूळ निवडत होती.

“ऱ्हातेय ना वटी? मग गप ऱ्हावा की.”

“ऱ्हाईल गं. पण फिरंग्याची म्हणून ऱ्हाईल.”

“लाकडाला ठावं हाय ना कुणाची ती?”

“लाकडाला ठावं असून काय उपेग? लाकूड काय रविवारी बोलतंय?”

रखमाबाईने सूप खाली ठेवलं. “मग तुमी बोला. पण पडली तर माझ्यापुढं रडत बसू नका. पंचवीस वर्सं त्या वटीचं ऐकतेय मी.”

मंगळवारचा सगळा दिवस काळुरामने पटाशीला धार लावण्यात घालवला. धार केव्हाच लागली होती.

बुधवारी इंजिनीयर आला. मूळचा पुण्याचा, तरुण, घाईतला. त्याने साखळी टाकून मोजणी केली, मास्तरांचा अर्ज वाचला आणि खांबाकडे मान वर करून पाहिलं. मग काळुरामला विचारलं, “हे लाकूड कधीचं, म्हातारबा?”

मास्तर काळुरामकडे पाहत होते. बाईसाहेब दारात उभ्या होत्या.

“मी तोडून आणलं, साहेब. पंचवीस वर्सं झाली. खुणा माझ्या हायत.”

मास्तरांनी डोळे मिटले. इंजिनीयरने अर्जाची घडी घातली आणि तो त्यांना परत दिला. “मास्तर, हे लाकूड फिरंग्यांचं असतं तरी रस्ता सरळच जाणार होता. जुनं म्हणून वाकडा घ्यायची मला परवानगी नाही.” मग काही आठवल्यासारखा तो वळला. “खुणा कसल्या म्हणालात?”

काळुरामने सांगितलं. डावं अंग, उजवं अंग, कावळ्याचा पाय. इंजिनीयर स्टुलावर चढला आणि एकेक खूण वाचू लागला. घाई विसरला. “म्हणजे ही उकलता येते?”

“चढली तशी उतरंल.”

“आणि परत चढवता येईल?”

हे काळुरामच्या मनातच आलं नव्हतं. एकदा चढवलेलं घर पुन्हा उतरवायचं नसतं, म्हणून त्याने तसा विचार कधी केलाच नव्हता. “चढंल,” तो म्हणाला. “जागा दावा.”

पुढे जागा नव्हती, मागे परस होतं. इंजिनीयरने पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली. काळुरामने तीन गडी घेतले आणि ओटी उकलली. सगळं लाकूड परसात ओळीने मांडलं, तेव्हा मधु म्हणाला, “हे तर तारेच्या खुणांसारखंच आहे की. लांब, आखूड, लांब.” मास्तर मात्र तीन दिवस आलेच नाहीत.

चौथ्या दिवशी आले, तेव्हा एक तुळई आतून वाळवीने खाल्लेली निघाली होती आणि काळुराम नवी तुळई घडवत होता. ओटी उभी राहिली ती परसाकडे तोंड करून, विहीर आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध. ज्या दिवशी झोपाळा टांगला, त्या दिवशी बाईसाहेब बाहेर आल्या आणि त्यावर बसल्या. रस्त्याकडच्या ओटीवर पुरुषमंडळी असत, म्हणून या घरात आल्यापासून त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या. पाय जमिनीला लावून त्यांनी एक हलका झोका घेतला आणि म्हणाल्या, “कड्या एकतीसच आहेत हो.”

नव्या तुळईवरची खूण तेवढी राहिली होती. काळुराम स्टुलावर चढला आणि मास्तरांनी स्टूल धरलं. खूण कोरून झाल्यावर ते स्वतः वर चढून ती निरखू लागले.

“वाचू नका,” काळुराम म्हणाला. “डोळं मिटा. बोट फिरवा.”

मास्तरांनी डोळे मिटले आणि बोट सावकाश फिरवलं. “उजवं अंग... तिसरी जोड?”

“चौथी. परत बघा.”

मास्तरांनी बोट पुन्हा सुरुवातीला नेलं.