रुक्मा काकूची बसलेली बाई

आमच्या सेक्टरमध्ये पक्की खबर अशी, की रुक्मा काकूच्या सासऱ्यांना एक रशियन बायको होती आणि तिचाच फोटो काकूच्या हॉलमध्ये टांगलाय. इथला पोलादाचा प्लांट उभा राहिला तेव्हा रशियन इंजिनिअर इथं राहात, सासरे लहानू त्यांच्यासोबत भट्टीवर होते. बाकीचं लोकांनी जोडून घेतलं. शेजारच्या तुळसाबाई तर आवाज घशात उतरवून सांगतात, "बुढापे का फोटो है. केस पाहा ना, पांढरेफक्क."

खोटं. बाई रशियन नाही, फ्रेंच आहे. म्हातारीही नाही, केसांना पावडर लावलीय. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सरदारणीच्या चित्राची ही छापील प्रत. निळा रेशमी झगा, मांडीवर मिटलेला पंखा. काकू हथखोजच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवते, स्मृति नगरातही दोन-चार घरी. तिथल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा सामान बांधताना त्यांनी हे चित्र तिला देऊन टाकलं.

"पण टांगलं कावून, काकू?" मी विचारलं.

"पहाटपासून पोळ्या लाटून राह्यलो मी. या घरात एकच बाई बसून आहे. तिले पाह्यलं का मलेबी बसल्यासारखं वाटते."

काकूच्या लेकीला, दीक्षाला पाहायला डोंगरगडचे पाहुणे येणार ठरलं, तसे तिचे वडील धम्मपाल काका स्टूल घेऊन आले. "उतरवतो. माह्या बापाच्या नावानं पोरीची सोयरीक मोडन."

"मोडू दे," काकू म्हणाली. पण लाटणं थांबलं होतं.

मी काकूशी पैज लावली. पाहुण्यांनी 'रशियन' म्हटलं, तर चित्र माझं. म्हटलं नाही, तर मी सगळ्यांना करून दाखवते ती काकूच्या आवाजाची नक्कल दीक्षाचं लग्न होईपर्यंत बंद.

पाहुणे आले. तुळसाबाईंनी त्यांना फाटकातच गाठलं, म्हणजे खबर पोचली आणि चित्र माझंच झालं, असं मी धरून चालले. मुलाची आई कलावतीबाई आत आल्या आणि थेट चित्रासमोर उभ्या राहिल्या. काका चहाचा ट्रे घेऊन मधे घुसले.

"ही बाई र..." त्या म्हणाल्या. मी खिळ्याकडे पाहिलं. "...रिकामीच बसून राह्यते का दिवसभर?"

"हो," काकू म्हणाली. "तिच्या वाटचं मी करतो."

कलावतीबाई हसल्या. "मंग मलेबी बसू द्या तिच्यापाशी," म्हणत चित्राखालच्या खुर्चीत बसल्या, त्या तारीख ठरेपर्यंत उठल्या नाहीत.

साखरपुड्यात सगळे मागे लागले, "रुक्मा काकूचा आवाज काढ." पैज हरले होते; मी चित्रातल्या बाईसारखी मांडीवर हात ठेवून गप्प बसले.

काकूनं येता-जाता पाहिलं. "आता घरात दोन बाया बसून आहेत," म्हणाली आणि पुऱ्या तळायला गेली.