दातावरची कचकच

"ताई, माय गेली... अन् तिचा मोत्याचा सर कुठं राह्यते, तुले मालूम हाय का?" सेलूहून चुलतभाऊ रमेशचा फोन. दोन्ही गोष्टी एका दमात. शी! महिना झाला त्याला.

रमेशची आई, माझी सुमनकाकू, सेलूच्या बाजारात भाजी विकायची, पण आळीतल्या बाया तिच्याकडे खडे-मोती दाखवायला यायच्या. खड्यावर ती तोंडाची वाफ सोडायची. वाफ रेंगाळली की म्हणायची, "काच हाय, बाई." मोती मात्र दातांवर घासायची. "गुळगुळीत लागला का खोटा. खरा कचकचते." दुसरीच्या गळ्यातला घामट मोती थेट तोंडात! मी एकदा विचारलंच, "काकू, तुला किळस नाही येत?" "येते ना वं. पण थे फसली अशीन तर तिले सांगन कोन?" आणि मग तीनदा खळखळून चूळ भरायची. तिचा स्वतःचा सर सिंदीच्या माहेरचा, तांदळाच्या डब्यात असायचा. तेही फोनवर मीच सांगून बसले.

मी पोचले तेव्हा काकूला अजून उचललेलं नव्हतं. उदबत्ती जळत होती आणि तिच्या उशाशी बसून सून मंगला मोती दातांवर घासत होती! "खरखर लागून राह्यलं हो," ती नवऱ्याला म्हणाली, "खोटे हायेत." मग रमेशनंही घासून पाहिला. "बुढीनं जनमभर दुनियेचे मोती पारखले, अन् सोता खोटे घालून बसली!" हसला मेला. आईसमोर. इतकी वर्षं एका घरात राहून म्हातारीचं एक वाक्य धड ऐकलं नव्हतं या दोघांनी, उलटंच धरून बसले होते. मंगलानं सर माझ्या ओंजळीत टाकला. "घ्या ताई, आठवन म्हून."

मला कळलं होतं. तिथेच, त्याच क्षणी. आणि मी तोंड उघडलं नाही... असल्यांशी काय बोलायचं, असं मनाशी म्हणत सर पर्समध्ये टाकला.

वर्ध्याला घरी आले, न्हाणीघराचं दार लावलं आणि एक मोती दातांवर घासला. कचकचला. काकूसारखी तीनदा चूळ भरली.

सर आता माझ्या तांदळाच्या डब्यात आहे. सेलूला फोन केलेला नाही. रोज भात टाकताना हात त्या सराला लागतो, आणि मी पुन्हा चूळ भरायला उठते.