मागच्या बाकापर्यंत

जोतिबा आबांची उभी हयात साखर कारखान्यात ऊस गाळणाऱ्या मिलशेजारी गेली. त्या घरघरीनं उजवा कान पार गेला, डावा अर्धामुर्धा राहिला. त्यांची मुलगी क्रांती साताऱ्याला विद्यापीठात शिकवते. पहिल्या वर्षाच्या पोरांना चारचौघांत बोलायला शिकवायचं, हे तिचं काम. आबांना ते काम वाटतच नसे. वजन उचलणं नाही, घाम नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणत, "तोंड चालवायचा पगार हाय तिला."

कानाचं मशीन बसवायला ते साताऱ्याला आले. क्रांती म्हणाली, "तास उरकला की निघू. तवर मागं बसा." जिन्यात ती थांबली, आबांना ओठ दिसतील अशी समोर आली. "म्हसवडची एक पोरगी हाय, राजनंदिनी. दोनदा उठली आन् न बोलताच बसली. आज जमलं न्हाई तर कॉलेज सोडती म्हणतीया."

आबा मागच्या बाकावर बसले. वर्गासमोर राजनंदिनी उभी राहिली. गावच्या सभेत सुरू करतात तशीच तिनं सुरुवात केली. आबांनी ओठांवरून ओळखलं. सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, सरपंचसाहेब... व्यासपीठावर एक मोडकी खुर्ची होती.

"सरपंच खुर्चीखाली बसल्यात वाटतं!" एक पोरगा मागं वळून म्हणाला. वर्गात हशा फुटला. पोरगी थिजली.

आता क्रांती रागावेल, नाहीतर शब्द पुरवेल, असं आबांना वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. ती थांबली. वर्ग गप्प झाला तरी थांबलीच. मिल अडकली की घाईनं हात घालणाऱ्याचा हात जातो, हे आबांना ठाऊक होतं. लेकीची मूठ पदरावर आवळली होती. मानेवरून घामाची धार उतरत होती.

मग ती म्हणाली, "मान्यवर कुणी नाहीत. मागच्या बाकावर माझे वडील आहेत. त्यांना कमी ऐकू येतं. ओरडू नकोस, घाई करू नकोस. सुट्टीत घरी काय केलंस, तेवढं त्यांना सांग."

पोरीनं आबांकडं बघितलं. "आवं आबा, आमच्या शेळीनं पिलू घेतलं न्हाई."

"काय घेतलं न्हाई?"

कुणीतरी हसलं. क्रांतीनं नुसता हात वर केला.

"पिलू." आता शब्द सुटा आला. "जवळ यिऊ दीना. लाथा मारायची."

"मग गं?"

"तिचंच दूध पिलाच्या पाठीला चोळलं. आपला वास आला की चाटती. आय म्हणली, सोड नाद. मी शिंगं धरून बसले."

"घेतलं का शेवटी?"

"घेतलं की! आता मलाच शिंगं दावती."

वर्ग हसला. राजनंदिनीही हसली.

आबा हलले नाहीत. त्या 'पिलू'नंतर त्यांच्याकडून एकही शब्द सांडला नव्हता. लहानपणी क्रांती त्यांच्याशी अशीच बोलायची: तोंडासमोर येऊन, एकेक शब्द पुरा करून. तेच तिनं एका परक्या पोरीच्या तोंडात उतरवलं होतं, आणि स्वतः चार-पाच वाक्यांपलीकडं बोललीही नव्हती. एवढी ताकद लावून स्थिर उभं राहिलेलं माणूस त्यांनी कारखान्यातही क्वचित पाहिलं होतं.

दारात राजनंदिनीनं विचारलं, "मॅडम, माझा नंबर परत कवा?"

ती गेल्यावर क्रांती म्हणाली, "चला आबा, मशीनला उशीर होतोय."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला.

"आधी घाम पूस."