विहिरीची नळी

शेजारी लाद्या बदलतायत. ओल्या सिमेंटचा वास घरात आला आणि मी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या.

ऐंशीच्या दशकात मुलुंडला नवं सरकारी हायस्कूल बांधलं, तेव्हा साइट माझ्याकडे होती. नकाशात जिथे 'आठवी अ'चा वर्ग होता, नेमकी तिथेच जुनी विहीर. आम्ही ती डबर टाकून बुजवायला घेतली, तशी गावठाणातली रोझीमावशी येऊन म्हणाली, "बुजव बाबा, पण तिला श्वासाला नळी ठेव."

मी हसलो. पण आमचा गवंडी सावंत नळीशिवाय पुढे काम करेना, म्हणून एक लोखंडी नळी उभी ठेवली.

एका दुपारी मी सहज तिच्या तोंडावर हात ठेवला. तळहात हळूच आत ओढला गेला. थोड्या वेळाने गार हवा बाहेर आली. मग पुन्हा ओढ.

तपासणी जवळ आली. नकाशात नसलेली नळी साहेबांना काय म्हणून दाखवणार? मी ती बंद करायला सांगितली. सावंतने थापी माझ्याच हातात दिली. "साहेब, हे तुम्हीच करा."

मी केलं. वर लादी बसली.

शाळा सुरू झाल्यावर सहज चक्कर मारली. 'आठवी अ'च्या बाई दारात येऊन हसत म्हणाल्या, "चार खिडक्या आहेत, वारा आहे, तरी याच वर्गात मुलं सारखी जांभया देतात बघा."

मी आत डोकावलो. पहिल्या बाकावरच्या मुलीने तोंड उघडलं, मग तिच्या मागच्या मुलाने, मग एकेक करत सगळ्या वर्गाने.

मग दारात उभ्या बाईंनी. मग मी.