लाव्यांसाठी विझवलेला दिवा

“वाटसराच्या डोयात उजेड मारू नये, बाबूजी,” असं म्हणत तो बॅटरीच्या काचेवर तळहात धरायचा. बोटं लाल दिसायची आणि पायापुरता उजेड उरायचा. नेरच्या आमच्या कापसाच्या जिनात तो रात्रीचा चौकीदार होता, मी कारकून. एका जागी पेंगणारे चौकीदार तुम्हीही पाहिले असतील. हा कापसाच्या गंजीभोवती फिरत राहायचा, तिच्याशी आपल्या बंजारा गोरबोलीत काहीबाही बोलत. त्याच्या आजाने मिठाच्या गोण्या लादलेले बैल चांदण्यांच्या आधाराने चालवले होते.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हंगामात जिनात वीज आली आणि आवारात उंच खांबावर मोठा दिवा लागला. दिवाळीनंतर एका ढगाळ रात्री उत्तरेकडून येणारे लावे पक्षी त्या दिव्याभोवती घिरट्या घालत राहिले आणि पत्र्यावर आपटून पडले. सकाळी मजूर बायांनी ते ओटीत भरून नेले. त्याने एकही घेतला नाही. तरुणपणी तर तुम्ही जाळं लावून लावे धरायचे, असं मी चिडवलं.

“थे शिकार होती, बाबूजी. हे तं चांदणी समजून आले.”

तेव्हापासून आभाळ भरलं की तो दिवा बंद करायचा आणि अंधारात गंजीला हात लावत रात्रभर फिरायचा. आधी मला येऊन सांगायचा. मी मान डोलवायचो. पाखरं तुझी सोयरी आहेत का, असं मॅनेजरने एकदा विचारलं. सोयरी असती तर एवढी काळजी केली नसती, असं तो म्हणाला.

तिसऱ्या हंगामात अशाच अंधारात एक गाडीवान उशिरा आला. जिनात काडी ओढायची नाही हे त्यालाही ठाऊक होतं; पण बैल सोडताना जुपणीची गाठ दिसेना. त्याने काडी ओढली. गंजीचा एक कोपरा जळाला. आम्ही पाणी मारून विझवला.

सकाळी मॅनेजरने विचारलं, दिवा कोणी बंद केला, आणि कोणाकोणाला माहीत होतं? चौकीदाराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्याच बंद केला, सायेब. कोनाले मालूम नव्हतं.”

मी दौतीचं झाकण फिरवत राहिलो.

त्याला काढलं. दिव्याच्या बटणाच्या पेटीला कुलूप लावून मॅनेजरने किल्ली माझ्याकडे दिली. घोंगडी खांद्यावर टाकून तांड्याकडे निघताना तो एवढंच म्हणाला, “आभायाकडे पाहत जा, बाबूजी.”

पुढच्या दिवाळीत तो वारल्याचं कळलं. मी तांड्यावर गेलो नाही, हंगाम होता. चार दिवसांनी ढग आले. किल्ली घेऊन मी पेटीपर्यंत गेलो, गंजीकडे पाहिलं, नोकरीचा विचार केला आणि परत आलो.

सकाळी बायांनी माझा वाटा म्हणून तीन लावे टेबलावर ठेवले. मी नको म्हणालो नाही.