मागे काय उरतं?

चहा माझ्या शेगडीवर उकळला आणि मला करवंटीत मिळाला. मागच्या दारी. हातात दिला नाही, पायरीवर ठेवला. आतून खोतांच्या अण्णांचा आवाज आला, "गवंड्या, उचल. निवतोय."

मी उचलला. प्यायलो. वर म्हणालो, "बरा झालाय."

हे दोन शब्द मला अजून छळतात. करवंटी त्यांनी दिली, ते त्यांचं. पण 'बरा झालाय' हे मी म्हणालो. तसं म्हण म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी गोबरगॅसचा गवंडी. बाप चिऱ्याच्या खाणीवर जांभा फोडायचा, मी ते चिरे बसवायला शिकलो. मग चिपळूणला महिनाभराचं शिक्षण घेतलं आणि जमिनीखाली विटांचे घुमट बांधायला लागलो. काम दिसतं सोपं. पण घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निसटतो. नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते डोळे फोडून बघत बसायचं. मग शेण-पाणी कालवून भरायचं आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. एक दिवस शेगडीवर निळी ज्योत उभी राहते. तिच्यावरचा पहिला चहा गवंड्याचा, अशी आमच्यात रीत पडली होती. मालकाने शेजारी बसवून द्यायचा. खाडीपलीकडच्या इब्राहीमचाचांनी, म्हातारा मच्छीमार माणूस, मला आपल्या पलंगावर बसवून दिला होता. सोबत नानखटाई.

अण्णांकडे तसं होणार नव्हतं. आम्ही बौद्धवाडीतले. महिनाभर मी त्यांच्या अंगणात राबलो, त्याला विटाळ नव्हता. माझ्या हाताने जोडलेल्या नळीतून गॅस थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेला, त्यालाही नव्हता. कपाला तेवढा होता.

तरी मी खूश. खोतांच्या घरचं काम मिळालं म्हणून वाडीभर सांगत फिरलो. कोल्हा काकडीला राजी.

रशियातली अणुभट्टी फुटल्याचं आम्ही रेडिओवर ऐकलं. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या सड्यावर खुणेचे दगड रोवले गेले. सडा म्हणजे समुद्राच्या वरचं कातळाचं सपाट रान. त्याच्या कडेला आमची वाडी. तिथे अणुवीज प्रकल्प येणार होता. दगडांच्या आत जे येईल ते सगळं उठणार. आमची घरं आत होती. विहीर आत होती. दगडांची रांग सरळ येत होती, ती अण्णांच्या आंब्याच्या कलमांपाशी मात्र वळली होती.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. मुंबईहून मोठे साहेब आले. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी अण्णा. साहेबांनी नकाशावर काठी ठेवली आणि म्हणाले, "ही सगळी ओसाड जागा आहे. इथे काहीच नाही."

माझी आये माझ्या शेजारी बसली होती. त्या ओसाड जागेत तिने जन्मभर नाचणी पेरली, गवत कापलं, कातळावर आमसुलं वाळवली. ती मला हळूच म्हणाली, "मंग आमी काय भुता हाव?"

साहेब पुढे बोलत होते. "तुम्हाला दिवे नकोत का? जन्मभर अंधारात राहायचंय?" दिवे कुणाला नको असतात? कोयनेची वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते आणि तारांवरून मुंबईला जाते. आमच्या वाडीत अजून रॉकेलची चिमणी. विजेचा खांब मागून आमच्या चपला झिजल्या होत्या, आणि हा माणूस आम्हालाच विचारत होता, दिवे नकोत का!

मी उभा राहिलो. 

"साहेब, मी गोबरगॅस बांधतो. आम्हाला पहिला धडा हा दिला की पुढून काय घालायचं ते कुणीही सांगेल, मागून काय निघणार ते आधी ठरव. विहिरीकडे त्याचा उतार नको. माझ्या टाकीतून शेणकाला निघतो, तो लोक भाताला घालतात, कलमांना घालतात. तुमच्या भट्टीतून मागे काय उरतं? आणि ते कुठे ठेवणार?"

साहेबांनी अण्णांकडे बघून विचारलं, "हा कोण?"

अण्णा म्हणाले, "आमचा शेणवाला."

साहेब हसले. मग तोंड माइकजवळ नेऊन म्हणाले, "शेण कालवणारे अणू शिकवायला लागले! झालं देशाचं कल्याण."

सगळे हसले. पुढच्या रांगेतले खुर्चीवाले हसले. मागे जमिनीवर बसलेले हसले. ज्यांची घरं त्या खुणेच्या आत होती, त्यांतलेही दोघे-तिघे हसले. मोठा माणूस हसला की हसायचं, ही आमची जुनी खोड. अण्णा तर मांडीवर थाप मारून हसत होते.

मी तरी खाली बसलो नाही. म्हणालो, "शिक्षणाला होतो तेव्हा आरशाच्या डब्यात नुसत्या उन्हावर शिजलेला भात मी खाल्लाय. आमच्या सड्यावर ऊन आहे. कौलं उडवणारा वारा आहे. गोठ्यात शेण आहे. आधी यातून दिवे लागतात का ते तरी बघा."

"बस खाली," अण्णा म्हणाले. "अक्कल पाजळू नको."

आणि मी बसलो. अण्णांनी 'बस' म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात. माझ्या बापाचे वाकायचे, त्याच्या बापाचे वाकायचे. माझेही वाकले.

तेवढ्यात अण्णांच्या घरून किटली आली. व्यासपीठावरच्यांना सोनेरी काठाच्या कपांतून चहा दिला. तो चहा कुठल्या शेगडीवर उकळला होता, ते मला ठाऊक होतं. माझ्या ज्योतीवरचा चहा पीत ते मला शेणवाला म्हणून हसत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

इब्राहीमचाचा हसले नव्हते. ते उठले आणि म्हणाले, "पोराच्या सवालाचा जवाब द्या. आनि आमच्या दर्यात काय सोडनार, ता पन सांगा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ते सगळं शास्त्रज्ञ बघतील," म्हणाले आणि सभा संपली.

परतताना आये पुढे चालत होती. पाणंदीत ती थांबली. मागे न बघताच बोलली, "जनमभर शेन काडला मी. माना लाज नाय वाटली. तू मान कशाला खाली घातलीस?"

घर येईपर्यंत मी तेच चघळत राहिलो. माझ्या प्रश्नात चूक काय होती? काही नव्हती. घुमट बांधणारा कुठलाही गवंडी तो विचारतो. नाही विचारला तर त्याला काम देऊ नये. साहेबांकडे उत्तर असतं तर त्यांनी ते दिलं असतं. नव्हतं, म्हणून ते हसले. आणि त्या हसण्यालाच उत्तर समजून मी अण्णांच्या एका शब्दावर खाली बसलो होतो. अंगणात उभा राहून मी स्वतःला शिवी दिली. मोठ्याने.

पंधरा दिवसांनी अण्णांचं बोलावणं आलं. माणूस म्हणाला, पुढच्या दाराने ये.

अण्णा ओटीवर बसले होते. त्यांनी मला नावाने हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ये, बस," म्हणाले. पाट मांडलेला होता. काकूंनी चहा आणला. सोनेरी काठाचा कप, खाली बशी.

"कोनशिला बसवायला मंत्री येतायत," अण्णा म्हणाले. "चौथरा हवा. जांभ्याचा, घडीव. तुझ्यासारखा हात या भागात दुसऱ्याचा नाही. चौथरा बांध. वाडीतल्या लोकांना दोन शब्द समजावून सांग, तुझं ऐकतात. प्रकल्पात तुला कायमची नोकरी लावून देतो. चहा घे आधी."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढव मी.

पण खरं सांगतो, मला तो चहा हवा होता. नोकरीपेक्षा जास्त हवा होता. त्या ओटीवर, त्या कपातून. माझा बाप ही ओटी न चढता मेला. कपातून वाफ येत होती, आलं घातलेलं कळत होतं. मी हात पुढे केला. बोट कपाला लागलं. आणि बशीसकट तो कप मी परत अण्णांकडे सरकवला.

"अण्णा, मागे काय उरतं, तेवढं सांगा. मग चहाही घेतो, चौथराही बांधतो."

"तुला रे कशाला नसत्या पंचायती?"

"वाडी आमची उठतेय. तुमची कलमं नाही."

अण्णांचा चेहरा पालटला. नाव गेलं, पुन्हा गवंड्या आलं. "माजलास, गवंड्या. आता या पंचक्रोशीत तुला काम कोण देतो, तेच बघतो."

मी पुढच्या पायऱ्यांनी उतरलो. अंगणातून वळून बघितलं. काकूंनी चहा कलमाच्या बुंध्यात ओतला आणि कप वेगळा, पागोळीखाली ठेवला. मी त्याला तोंड लावलं नव्हतं. नुसतं बोट लागलं होतं. एवढ्यासाठी मी आमची वाडी विकणार होतो.

अण्णांनी शब्द पाळला. पाली गावातली दोन कामं ठरलेली होती, ती मोडली. कामच बंद झालं. चौथरा बांधायला घाटावरून माणूस आणला. मंत्री आले, फीत कापली, गेले. आमच्या वाडीत खांब आला नाही, नोटिसा आल्या. बाकीच्यांनी त्या घेतल्या आणि चुलीशी ठेवल्या. काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं.

मला कळत होतं. खुणेचा एक दगड आयेच्या नाचणीच्या तुकड्यात होता. सकाळी पहार घेऊन निघालो. आये आधीच तिथे पोचली होती. इब्राहीमचाचा चार माणसं घेऊन होडीने आले होते. वाडीतले लोक बांधावर उभे होते, जवळ यायला बिचकत होते.

"बगतोस काय?" आये म्हणाली. "काड."

मी पहार घातली. दगड दोन हिसक्यांत हलला. ज्याने बसवला त्याने पाया नीट खणला नव्हता. तो उपटून बाजूला टाकला, तेव्हा बांधावरचे दोघे जण खाली उतरले. त्या सभेत हसलेले. मी त्यांच्या हातात पहार दिली.

दगड ते पुन्हा रोवतात. आम्ही पुन्हा काढतो. दोनदा मला पोलिसांनी रत्नागिरीला नेलं. तिथेही मी विचारलं, मागे काय उरतं? तिथेही कुणी सांगितलं नाही. जोवर सांगत नाहीत तोवर सड्यावर त्यांचा एक दगड उभा राहू देणार नाही. मी रोज पहार घेऊन जाईन. आणि चहा घरून पिऊन जाईन.